आई-आप्पांचा पहिला परदेश प्रवास (श्टुटगार्ट) : व्हिसाची जुळवाजुळव, मदत हवी

कृष्णाकाठ | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ चार वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. भावजयीला २० एप्रिलची तारीख दिली आहे. पहिलंच बाळंतपण, तिथे जवळचं कुणी नाही, म्हणून आई-आप्पांनी जायचं ठरलंय. दोघंही आजवर विमानात बसलेले नाहीत आणि आमच्या घरातून भावाशिवाय कुणी परदेशी गेलेलं नाही. सगळी कागदपत्रं मलाच बघायची आहेत.

आईचं वय ६१, शिक्षण सातवी. आप्पा ६७, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन आहे. तासगाव तालुक्यात सव्वा एकर द्राक्षबाग आहे. दोघांचे पासपोर्ट २०१७ साली काढून ठेवलेले आहेत, कधी वापरले नाहीत.

बेत असा आहे : २५ मार्चला निघायचं, १० जुलैला परत यायचं. जाताना दुबईत दोन दिवस थांबायचं, तिथे आत्तेभाऊ आहे, त्याचा फार आग्रह आहे. व्हिसा कोणता लागेल? दुबईचा वेगळा लागेल का? गावातला एजंट म्हणतो सगळं माझ्यावर सोडा, पण मला स्वतः समजून घ्यायचंय.

मोजपट्टी | ९ नोव्हेंबर २०२५

ताई, आधी दिवस मोजा. मार्चचे ७, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे १०. एकूण १०८. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरतात. तेव्हा हा बेत आहे तसा बसणार नाही.

पुष्कळ लोक ९० दिवस म्हणजे तीन महिने असं धरून तिकीट काढतात आणि एक-दोन दिवसांनी चुकतात. कॅलेंडर पुढ्यात घेऊन बोटाने मोजा.

दूरदेशी | १० नोव्हेंबर २०२५

मी अकरा वर्षं श्टुटगार्टलाच आहे, आई-बाबांना तीनदा आणलंय. सविस्तर लिहितो.

तुम्हाला लागेल तो शेंगेनचा 'सी' प्रकारचा व्हिसा, कारण नातेवाईकांची भेट. फी माणशी ९० युरो, जून २०२४ पासून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण त्यांना गरज वाटली तर ४५ दिवसांपर्यंत घेऊ शकतात. अर्जासाठी मुंबईला जायची गरज नाही, पुण्यात केंद्र आहे.

भावाने एक काम करायचंय. त्याच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' करायचं. म्हणजे पाहुण्यांचा इथला सगळा खर्च मी उचलेन, असं सरकारदरबारी लिहून द्यायचं. आम्ही इथली मंडळी नुसतं फेरफ्लिश्टुंग म्हणतो. त्याची फी २९ युरो. त्याचा पगार, घर किती मोठं, हे बघून ते देतात. मूळ कागद कुरियरने भारतात पाठवायचा, झेरॉक्स चालत नाही. सहा महिन्यांच्या आत तो व्हिसाच्या अर्जाला लावायचा.

त्या कागदावर आई-आप्पांची नावं, जन्मतारखा आणि पासपोर्टचे नंबर येतात. म्हणून भावाला सांगण्याआधी दोन्ही पासपोर्ट उघडून नीट वाचा आणि इथे सांगा काय लिहिलंय ते.

कृष्णाकाठ | १० नोव्हेंबर २०२५

वाचले. आप्पांचा व्यवस्थित आहे, आडनाव, नाव, वडिलांचं नाव सगळं. आईच्या पासपोर्टवर मात्र आडनावाची जागा कोरी आहे! नावाच्या रकान्यात फक्त तिचं नाव, एकच शब्द. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव होतं आणि बाकी सगळीकडे सासरचं, म्हणून तेव्हाच्या फॉर्म भरणाऱ्याने बहुतेक ती भानगड अशी मिटवली. आणि आतल्या पानावर ईसीआर असं छापलंय. हे काय असतं?

आखातवारी | ११ नोव्हेंबर २०२५

मी शारजात बावीस वर्षं काढली, म्हणून दुबईपुरतं सांगतो. आईंचा हा पासपोर्ट घेऊन दुबईत थांबायचा विचार सोडून द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक आणि भेटीच्या व्हिसासाठी एकच नाव असलेले पासपोर्ट बंद केले. दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा नंतर आला. पण काउंटरवरच्या मुलाला तो समजावत बसायची वेळ आई-वडिलांवर कशाला आणायची?

ईसीआरचं घाबरू नका. १९८३ च्या कायद्याने ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसांना सरकारची परवानगी लागते, ती त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून. आज असे १८ देश आहेत, आखातातले सगळे त्यात आहेत, थायलंड-मलेशिया-इंडोनेशियाही आहेत. जर्मनी नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना ही अट नाहीच. पासपोर्ट नव्याने काढलात तर आईंचा तो शिक्काही जाईल.

जाता जाता, दुबईला फक्त विमान बदलायचं असेल, तिकीट एकच असेल आणि विमानतळाबाहेर पडायचं नसेल, तर व्हिसा लागत नाही. दोन वेगवेगळी तिकिटं काढली की मात्र सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि तिथे व्हिसा लागतो. स्वस्तात पडतं म्हणून मुलं अशी तिकिटं काढून देतात आणि म्हातारी माणसं अडकतात.

दूरदेशी | ११ नोव्हेंबर २०२५

आखातवारींशी पूर्ण सहमत. मुंबईहून फ्रँकफुर्टला थेट विमान आहे. पहिल्या प्रवासाला तेच घ्या. भाऊ तिथे न्यायला येईल, पुढे रेल्वेने दीड-दोन तास. व्हीलचेअर तिकिटातच सांगून ठेवा. चालता येत असलं तरी सांगा, सोबतीला माणूस मिळतो आणि भाषेचा प्रश्न तोच सोडवतो.

पासपोर्टबद्दल माझं ठाम मत : आईंचा आत्ताच नव्याने काढा. जर्मनीला तो कोऱ्या आडनावानेही चालेल कदाचित, पण आधार, पॅन, बँक, लग्नाचा दाखला आणि भावाच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव, या सगळ्यांत ती एकच बाई आहे हे समोरच्या अधिकाऱ्याला क्षणात दिसलं पाहिजे. क्रम असा ठेवा. आधी पासपोर्ट, मग फेरफ्लिश्टुंग, मग विमा आणि तिकिटाचं आरक्षण, सगळ्यात शेवटी व्हिसाची वेळ. उलटं केलंत तर भावाला ते कार्यालय पुन्हा गाठावं लागेल, आणि इथे त्यांची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे जातात.

कृष्णाकाठ | ११ नोव्हेंबर २०२५

उद्याच अर्ज भरते. आत्तेभावाला फोन करून दुबई रद्द केली, तो समजूतदार आहे.

पण ९० दिवसांचं काय करू? आईचा जीव तिथे अडकलाय. ती म्हणते सव्वा महिना झाल्यावर बाळ-बाळंतिणीला असं टाकून कसं यायचं. जास्त दिवसांचा काही व्हिसा नाहीच का?

चाफा | १२ नोव्हेंबर २०२५

अगं, मी हेच सगळं दोन वर्षांपूर्वी केलंय, म्हणून लिहिते. माझी लेक नेदरलँड्सला असते. माझाही जीव असाच खालीवर झाला होता. नातवंडं बघायला येणाऱ्या आजी-आजोबांसाठी लांब मुदतीचा व्हिसा तिथेही नाही, जर्मनीतही नाही. आम्ही तो प्रश्न घरातच सोडवला. आधी मी गेले, बाळंतपण आणि सव्वा महिना मी केला. मी निघायच्या पाच दिवस आधी विहीणबाई आल्या. त्या पाच दिवसांत बाळाची अंघोळ, शेक-शेगडी, मालिश, कुठे काय मिळतं, सगळं त्यांना दाखवलं. मग पुढचे जवळजवळ तीन महिने त्या होत्या. लेकीला सलग जवळजवळ सहा महिने घरचं माणूस मिळालं आणि दोघींचाही एक दिवस जास्त झाला नाही.

तुमच्या भावजयीच्या आईला विचारून बघ. पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणतात, त्यांनाही जायचं असेलच.

कृष्णाकाठ | १४ नोव्हेंबर २०२५

चाफाताई, तुमचा निरोप आईला वाचून दाखवला. तिने स्वतः विहीणबाईंना फोन केला. त्या तर वाटच बघत होत्या, मुलाकडच्यांनी सगळं ठरवलं म्हणून गप्प राहिल्या होत्या. आता ठरलं : आई-आप्पा ५ एप्रिल ते ३० जून. एप्रिलचे २६, मेचे ३१, जूनचे ३०, मिळून ८७. विहीणबाई २५ जूनला पोचतील.

नवखा_प्रवासी | १५ नोव्हेंबर २०२५

धाग्यात घुसतोय, माफ करा. आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी जाणार आहोत, जर्मनीसारखी कागदपत्रं नकोत, आठवडाभराचंच जायचंय. कुठे सोपं पडेल?

निवृत्त_टपाल | १५ नोव्हेंबर २०२५

व्हिएतनाम बघा. ई-व्हिसा आहे, एकदा जायचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंतचा. पण अर्ज तिथल्या सरकारच्याच साइटवर करा, पत्त्याच्या शेवटी त्यांचं सरकारी नाव असतं. शोधायला गेलात तर वर जाहिरातवाल्या साइट येतात, त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टचा नंबर टाकताना शून्य आणि 'ओ' तपासा. आमच्या ग्रुपमधल्या एकांचा एक आकडा चुकला आणि त्यांना मुंबईलाच विमानात चढू दिलं नाही. व्हिसा खरा होता, पण तो त्यांच्या पासपोर्टचा नव्हता.

मलेशियाला २०२६ अखेरपर्यंत भारतीयांना ३० दिवस व्हिसाच लागत नाही, फक्त जायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन कार्ड भरायचं. थायलंडचंही तसंच कार्ड आहे, १ मे २०२५ पासून, फुकट. त्याचेही पैसे मागणाऱ्या साइट आहेत.

आणि पासपोर्टच नसेल तर नेपाळ. मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं, आमच्या गटातल्या चौघांना हे विमानतळावर कळलं. बाकी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. इथे ताईंचं चालू दे.

कृष्णाकाठ | १८ डिसेंबर २०२५

आईचा नवा पासपोर्ट आला. आडनाव आहे, ईसीआर गेलं. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात तिने सही मराठीत केली, मला वाटलं इंग्रजीत मागतील, पण काही हरकत घेतली नाही. फक्त यापुढे सगळीकडे तीच सही करायची. भावाने फेरफ्लिश्टुंगची वेळ घेतलीय.

आता आप्पांच्या कागदांबद्दल सांगा. एजंटने यादीत मुदत ठेव वाढवून दाखवा, खात्यात पाच लाख आणून ठेवा, असं लिहिलंय. हॉटेलची खोटी बुकिंगही करून देतो म्हणाला. मला ते पटत नाही.

दूरदेशी | १८ डिसेंबर २०२५

अजिबात करू नका! हॉटेलची गरजच नाही, ते मुलाच्या घरी राहणार आहेत. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये लगेच दिसते आणि संशय तिथेच सुरू होतो. खोटा कागद सापडला तर नकार येतो आणि तो नकार पुढच्या अर्जांनाही नडू शकतो.

आप्पांजवळ जे खरं आहे ते भक्कम आहे. दर महिन्याला जमा होणारं पेन्शन, सातबारा, घराचा उतारा. अधिकाऱ्याला एकच बघायचं असतं, हा माणूस परत जाईल का. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा, नाहीतर तो त्यांच्यासाठी नुसता मराठी कागद. आणि पत्रात बागेबद्दल लिहा.

कृष्णाकाठ | २० डिसेंबर २०२५

आप्पांनी पत्र स्वतः मराठीत लिहिलं, मी इंग्रजीत केलं. त्यांनी लिहिलंय की एप्रिलची खरड छाटणी यंदा माझा धाकटा भाऊ (म्हणजे आमचे काका) बघणार आहे, पण सप्टेंबर-ऑक्टोबरातली फळछाटणी मी स्वतः उभं राहून करतो, त्याआधी मला बागेत असलंच पाहिजे. परत येण्याचं इतकं खरं कारण मला सुचलं नसतं.

मोजपट्टी | २१ डिसेंबर २०२५

विमा विसरू नका. निदान ३० हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मृतदेह किंवा रुग्ण परत आणायचा खर्च धरून, राहण्याच्या सगळ्या ८७ दिवसांचा. आप्पांना बीपी आहे का? असेल तर फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका. आधीपासूनचा आजार कोणत्या मर्यादेपर्यंत धरलाय ते पॉलिसीत वाचून मगच पैसे भरा. व्हिसाला कमीत कमी रकमेचा विमा पुरतो, पण ६७ व्या वर्षी तेवढ्यावर थांबू नका, असं माझं मत. गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून घ्या.

तिकिटाचं सध्या फक्त आरक्षण करा. व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारे पैसे भरू नका.

कृष्णाकाठ | २९ जानेवारी २०२६

आज पुण्याच्या केंद्रात जाऊन आलो. पहाटे तीनला सांगलीहून निघालो.

आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, बागेत काम केलं, बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. मशीनवर हिरवा दिवा येईना. तिसऱ्या वेळी तिचे हात थरथरायला लागले, तिला वाटलं आपल्यामुळे सगळं अडतंय. तिथल्या मुलीने मशीन बाजूला ठेवलं, आईला पाणी दिलं, ओल्या कपड्याने बोटं पुसायला दिली आणि म्हणाली, आजी, माझ्या आईचंही असंच होतं, सावकाश दाबा. पाचव्या वेळी उमटले. हे ठसे ५९ महिने राहतात म्हणे, म्हणजे पुढच्या खेपेला बहुतेक ही धडपड नाही.

जोडलेले कागद, पुढे कुणाला लागतील म्हणून : फेरफ्लिश्टुंग मूळ, भावाचा पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना, त्याच्या पत्त्याची नोंदणी, त्याचा जन्मदाखला (आई-आप्पांची नावं असलेला), भावजयीच्या डॉक्टरची तारखेची चिठ्ठी, पेन्शनचा कागद, बँकेचा शिक्का असलेलं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, सातबारा भाषांतरासह, विमा, आरक्षण, आप्पांचं पत्र.

कृष्णाकाठ | १८ फेब्रुवारी २०२६

आला! दोघांचाही आला!! सगळ्यांचे खूप आभार.

एक शंका. स्टिकरवर ५ एप्रिलपासून १५ जुलैपर्यंत असं आहे. मग १५ जुलैपर्यंत राहता येईल का? आई विचारतेय.

मोजपट्टी | १८ फेब्रुवारी २०२६

अभिनंदन! पण नाही, राहता येणार नाही. त्याच ओळीच्या जवळपास मुक्कामाचे दिवस छापलेत ते बघा, ८७ असतील. तारखा म्हणजे व्हिसा कधी ते कधी वापरता येईल, आणि दिवसांचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष किती राहता येईल. विमान पुढे-मागे झालं तर अडचण नको म्हणून ते वरचे १५ दिवस देतात. १० एप्रिलला गेलात तरच ५ जुलैला यायचं. प्रवेश किती वेळा तेही बघा.

कृष्णाकाठ | १८ फेब्रुवारी २०२६

हो, ८७ आहे. प्रवेश एकच. आईला समजावलं.

दूरदेशी | १९ फेब्रुवारी २०२६

एक प्रवेश म्हणजे याच व्हिसावर पॅरिस, स्वित्झर्लंड फिरता येईल, लंडनला जाऊन परत येता येणार नाही. विमानतळावर आता पासपोर्टवर शिक्क्याऐवजी संगणकात नोंद व्हायला लागली आहे, फोटो काढतात. रांग लांब असते, आप्पांना सांगून ठेवा.

आणि बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचं सामान भरण्याआधी मला विचारा. आईंना वाटेल डिंकाचे लाडू करूनच नेऊ.

कृष्णाकाठ | १९ फेब्रुवारी २०२६

तुम्हाला कसं कळलं? डिंक आणून ठेवलाय तिने. दोन किलो साजूक तूपही कढवायचं म्हणत होती.

दूरदेशी | २० फेब्रुवारी २०२६

माझ्या आईनेही तेच केलं होतं. तूप, खवा, पेढे, बर्फी, काही आणू नका. युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात. हापूसची पेटीही नाही, ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. खजूर चालतो, त्याला सूट आहे. सुकं खोबरं विमानातच नेऊ देत नाहीत, ते पेट घेऊ शकतं म्हणून.

लाडू इथेच वळू द्या. इथे 'बुटरश्माल्झ' म्हणून मिळतं, लोणी कढवलेलं, ते आपल्या तुपाच्या अगदी जवळचं आहे.

आखातवारी | २० फेब्रुवारी २०२६

विहीणबाई दुबईमार्गे येणार असतील तर त्यांना खसखस अजिबात आणू देऊ नका, चिमूटभरही नाही, लाडवातही नाही. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, तिथे ती अमली पदार्थांत धरतात आणि माणसं तुरुंगात गेली आहेत. हा निरोप आजच द्या.

कृष्णाकाठ | २० फेब्रुवारी २०२६

आत्ताच फोन केला. त्यांची यादी लिहून झाली होती, त्यात पाव किलो खसखस होती. काढली.

कृष्णाकाठ | ७ एप्रिल २०२६

पोचले. फ्रँकफुर्टला अधिकाऱ्याने आप्पांना इंग्रजीत विचारलं, कशाला आलात. आप्पांनी आधीच पाठ केलं होतं, "माय सन, बेबी," आणि फेरफ्लिश्टुंगची झेरॉक्स पुढे केली. परतीचं तिकीट बघितलं, फोटो काढला, झालं. आईला काहीच विचारलं नाही.

तिने सकाळी व्हिडिओ कॉल केला. डिंक तळून झालाय, खारीक कुटून ठेवलीय, भाऊ दुकानातून ते बुटरश्माल्झ घेऊन आलाय. तिने वास घेऊन बघितला आणि म्हणाली, चालेल.